समजुतीचा लेख

दत्तोबांना सोफ्यावर बसून लिहिता येत नसे. चाळीस वर्षं निबंधक कचेरीच्या भिंतीला टेकून, मांडीवर फळी घेऊन त्यांनी अर्ध्या चाकणची जमीन या हाताची त्या हाताला केली होती. त्यामुळे मारुतरावांनी हॉलमधला काचेचा टीपॉय बाजूला सारला, भावकीतल्या या म्हाताऱ्यासाठी सतरंजी अंथरली, पाठीला तक्क्या दिला आणि पंखा तीनवर ठेवला. पाचवर ठेवला की स्टॅम्प पेपर उडतो, हे या घरात लहान पोरांनाही ठाऊक होतं.

या घराचा कागदावर विश्वास होता. महाळुंग्याची जमीन कंपन्यांनी घेतली ती कागदावर, भावाभावांत वाटणी झाली ती कागदावर, मारुतरावांच्या थोरल्या बहिणीनं भावाची माया म्हणून हक्क सोडला तोही कागदावर, दोन साक्षीदारांसमक्ष. आता सोमवारी संध्याकाळी मारुतरावांच्या नातीनं, मिनलनं, आपल्या आईला जे सांगितलं होतं, तेही कागदावर आणून मिटवायचं ठरलं होतं. पूर्वेच्या बांधापायी ज्या घरानं चौतीस वर्षं कोर्टात तडजोड होऊ दिली नाही, त्या घरानं अकरा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत तीन दिवसांत तडजोड काढली.

"हां. लिहून देणार कोण?" दत्तोबांनी पेनचं टोपण काढलं.

लिहून देणार समोरच बसला होता. घरचा जावई, धनेश. जावयाला नेहमीची वरची खुर्ची द्यायची का, यावर सकाळी स्वयंपाकघरात खल झाला होता. "आज खाली बसवला तर भाडेकरू इचारतील, काय झालं म्हणून," असं मारुतरावांच्या बायको, शालनबाई, म्हणाल्या आणि खुर्ची राहिली. पुरणही शिजलं होतं. जावई येतो आणि या घरातून पुरणाचा वास येत नाही, हे मागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बीड-लातूरच्या पोरांच्याही लक्षात आलं असतं.

"लिहा की, धनेश रंगनाथ," धनेश स्वतःच म्हणाला. त्याचा आवाज मोकळा होता. कंपन्यांना कामगार पुरवणाऱ्या माणसाचा आवाज तसाच असावा लागतो. "वय बेचाळीस. धंदा ठेकेदारी."

"आन् लिहून घेणार?"

"मिनल," मारुतराव म्हणाले.

"आज्ञान हाय ती. आज्ञानाचं नाव नुसतं न्हाई घालता येत. अपाक लागंल."

सातबाऱ्यावर लहान पोरांच्या नावापुढं ही तीन अक्षरं असतात. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पोराला कळत नाही म्हणून त्याच्या वतीनं ज्याला कळतं, त्याचं नाव.

"माझं घाला," दारातून स्नेहल म्हणाली. ती मिनलची आई. सकाळपासून ती बसली नव्हती. "मी आई आहे तिची."

"आज्याचं घाला," शालनबाईंनी सुनेकडं न बघता सांगितलं. "घरातला थोरला त्योच हाय."

दत्तोबांनी आज्याचं घातलं.

*

स्नेहलनं मिनलला सोमवारी रात्रीच भोसरीला आपल्या आईकडं, विमलबाईंकडं नेऊन ठेवलं होतं. शाळेत पोट दुखतंय म्हणून कळवलं. हेही खोटं नव्हतं. दोन दिवस पोरीच्या पोटात अन्न ठरत नव्हतं.

मंगळवारी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आड उभं राहून स्नेहलनं एक शून्य नऊ आठ हा मुलांच्या मदतीचा नंबर फिरवला. पलीकडच्या बाईनं शांतपणे सगळं ऐकलं. मग सांगितलं की जबाब पोरीच्या सोयीच्या जागी, घरीसुद्धा घेता येतो, घ्यायला बाई अधिकारी येते, युनिफॉर्ममध्ये येत नाही, नाव कुठं छापून येत नाही. आणि ताई, हे आपसात मिटवायचा गुन्हा नाही. ज्याला कळलं आणि ज्यानं कळवलं नाही, त्यालाही शिक्षा आहे. शेवटी बाईनं विचारलं होतं, "ताई, आजच का नाही?" उत्तर खाली जिन्यात उभं होतं. कुलदीप, तिचा नवरा, मारुतरावांचा मुलगा. "आबांना एकदा बोलू दे. गुरुवारपर्यंत. मग तू म्हणशील तसं." कुलदीपचे दोन डंपर आणि एक जेसीबी धनेशदाजींच्या ओळखीनं चालत होते. तरी तो त्या दिवशी रडला होता. रडणाऱ्या माणसाला नाही म्हणायची स्नेहलला सवय नव्हती. या दोन दिवसांची तिला आता लाज वाटत होती.

"आबा," ती पुढं आली, "मी परत एकदा सांगते. हा कागद चालत नाही. कायद्यात अशी तडजोड नाहीच. इथं सही करणाऱ्या प्रत्येकाला उद्या विचारतील की माहीत होतं तर सांगितलं का नाही. सहा महिने आत बसावं लागेल."

"कायदा आमाला नगं शिकवू पोरी," मारुतराव रागावले नव्हते. "चौतीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात. खुनाच्या केशीत तडजोड झालेली बघितलीय म्या."

"ती वेगळी."

"भाड्याच्या खोलीत वाढलेल्याला कोर्टकचेरीचा उमाळा लई," शालनबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या. स्नेहलचे वडील भोसरीत टर्नर होते. लग्नाला बारा वर्षं झाली तरी हे घर ते विसरलं नव्हतं. "एकदा पोलिसात गेलं की पोरीचं नाव पंचक्रोशीत. मग बसा नवरा हुडकत."

"अकरा वर्षांची आहे ती, आई."

"म्हनूनच म्हनते. इसरून जाईल."

धनेश काही बोलला नाही. तो फोनवर काहीतरी वर सरकवत होता. मागच्या वर्षी कुठल्याशा गावात एका पोरीवर अत्याचार झाला, तेव्हा चाकणच्या चौकात ‘नराधमाला फाशी द्या, कायदा कडक करा’ असा वीस फुटी फलक लागला होता. खाली निवेदक म्हणून हात जोडलेला धनेश होता. मोर्चाला पाण्याच्या बाटल्याही त्याच्याच होत्या. कायदा कडक झालाच पाहिजे, याबद्दल त्या हॉलमध्ये कुणाचंच दुमत नव्हतं. फक्त तो दुसऱ्या गावात व्हावा.

*

अडचण मजकुरात आली.

"‘काही गैरसमज झाल्याने’ असं लिहा," धनेश म्हणाला.

"गैरसमज कुणाचा झाला, दाजी?" स्नेहलनं विचारलं. "मिनलनं वार सांगितलाय. जागा सांगितलीय."

"वहिनी, मी म्हटलं ना, मी परत या घरात पाऊल नाही टाकणार. अजून काय पायजे तुम्हाला? नाक घासू?"

"थांबा, थांबा," दत्तोबांनी हात वर केला. आता प्रश्न त्यांच्या धंद्याचा होता. "पाहुणं, कागदाला मजकूर लागतो. खरेदीखतात जमिनीचं वर्णन न्हाई घातलं तर त्यो कागद पोकळ. उद्या तुमीच म्हनाल, कसला गैरसमज? मला म्हाईत न्हाई. मग मारुततात्यांनी काय करायचं? काय घडलं, कदी घडलं, कुठं घडलं. तीन वळी."

"दत्तोबाचं बरुबर हाय," मारुतराव म्हणाले. "कागद करायचा तर पक्का करायचा."

कच्चा कागद करणं हा या घरात मोठा गुन्हा मानला जाई.

"आन् र्‍हाईल कुठं कागद?" धनेशनं विचारलं.

"माझ्या कपाटात. चावी माझ्या करगोट्याला. आजपातूर त्यातला कागुद भाहेर गेला न्हाई."

धनेशनं घड्याळ बघितलं. सासऱ्याच्या कपाटाची कीर्ती त्याला ठाऊक होती. त्यानं मान हलवली.

स्नेहल सतरंजीवर दत्तोबांच्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि हळू आवाजात, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं, सांगू लागली. शालनबाईंनी तोंड खिडकीकडं केलं. मारुतराव पंख्याकडं बघत राहिले. सोमवारपासून या घरात जे घडलं त्याला ‘तसलं’ असा एकच शब्द वापरात होता, आणि ‘तसलं’ म्हणजे नेमकं काय, हे मारुतरावांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. दत्तोबांचं पेन दोनदा थांबलं. एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता.

"चतुःसीमा?" लिहून झाल्यावर त्यांनी सवयीनं विचारलं.

"कशाच्या?" कुलदीप पहिल्यांदाच बोलला.

"पाहुणं कुठवर येनार न्हाईत, ते नको का ठरवाया? पूर्वेला?"

"पूर्वेला गावची पाण्याची टाकी," मारुतरावांनी सांगितलं. आता पायाखालची जमीन ओळखीची होती. "पश्चिमेला वर्कशॉपची भिंत. दक्षिणेला तळेगाव रोड. उत्तरेला आपल्या खोल्या सपल्या की वढा."

"या चतुःसीमेच्या आत लिहून देणार हयातभर येणार नाही," दत्तोबा लिहिताना पुटपुटले, "व कु. मिनल हिच्याशी कोणत्याही प्रकारे संबंध ठेवणार नाही. यास भंग झाल्यास…"

"दत्तोबा, जरा आवरा," धनेश उठला. "एकला निघायचंय मला. योगिनीची शाळा सुटते दीडला."

"व्हय की," शालनबाईंच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा जरा बरं दिसलं. "आज गुरवार."

चाकणच्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून धनेशच्या ऑफिसलाही गुरुवारीच. आणि वर्षाली, त्याची बायको, पतसंस्थेत कामाला. तिची सुट्टी रविवारी. त्यामुळे चार वर्षांपासून गुरुवारी नऊ वर्षांच्या योगिनीला शाळेतून आणायचं, जेवू घालायचं, संध्याकाळपर्यंत सांभाळायचं काम धनेशकडं. शालनबाई भावकीत कौतुकानं सांगत, एवढा कामाचा माणूस, पण गुरवारी पोरीपायी कुठं जात न्हाई.

"पोरीचा लई जीव," शालनबाई आताही म्हणाल्या.

सोफ्याच्या कडेला बसलेल्या वर्षालीनं मान वर केली.

*

वर्षाली आज रजा टाकून आली होती. सोमवारी रात्री कुलदीपचा फोन आल्यापासून ती झोपली नव्हती. धनेशनं तिला सांगितलं होतं की पोरगी खोटं बोलते, तुझ्या भावजयीचा डाव आहे, तिला आधीपासून माझा राग आहे. तिनं विश्वास ठेवला नव्हता. अविश्वासही ठेवला नव्हता. दोन्हीच्या मध्ये जी जागा असते, तिथं संसारी बाई बरेच दिवस बसू शकते. बसायला खुर्चीही मिळते.

धनेशनं दत्तोबांच्या हातातलं पेन घेतलं.

"वाचायचं ऱ्हायलंय," दत्तोबा म्हणाले. "आदी वाचून दाखवायचं, मग सही. माझी रीत हाय."

"तुम्ही लिहिताना वाचलाय मी वरून. उशीर होतोय." धनेशनं दोन्ही पानांवर सही केली. सराईत, खाली रेघ ओढलेली सही. मस्टरवर रोज करत असे तशी. मग डावा अंगठाही पॅडवर दाबून उठवला. पक्का कागद.

"पर माझी रीत मोडायची न्हाई," दत्तोबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "साक्षीदारांनी ऐकल्याबिगर सही न्हाई. परत म्हनाल, म्हाताऱ्यानं काय लिव्हलं काय म्हाईत."

आणि ते वाचू लागले. खरेदीखतं वाचावीत त्या एकसुरी, न थांबणाऱ्या आवाजात.

"‘…कारणे समजुतीचा लेख लिहून देतो ऐसा जे. मी लिहून देणार याने दिवाळीच्या पाडव्याला व त्यानंतर माघी गणपतीच्या दिवशी, असे दोन वेळा, लिहून घेणार यांच्या राहत्या घराच्या गच्चीवर, कु. मिनल, वय अकरा, ही नको नको म्हणत असता, तिच्या अंगाला वाईट हेतूने हात लावला व कोणास सांगितल्यास तुझ्या आईला घराबाहेर काढीन अशी भीती घातली. हे मला कबूल आहे.’"

मागच्या खोल्यांत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. दत्तोबा पुढं वाचत राहिले.

मारुतरावांना त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं होतं. नको नको म्हणत असता. माघी गणपतीला त्यांनी खालून हाक मारली होती, "मिनल, आरतीला ये गं." पोरगी उशिरा खाली आली. आरती संपल्यावर आली म्हणून ते तिला रागावले होते. सगळ्यांसमोर.

"‘…चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस गावची पाण्याची टाकी. पश्चिमेस वर्कशॉपची भिंत. दक्षिणेस तळेगाव रोड. उत्तरेस ओढा…’"

"दत्तोबा," वर्षाली म्हणाली.

"आँ?"

"माझं घर त्यात येतं का?"

"कुठलं?"

"चाकणचं. माझं. आमचं."

"न्हाई वो. ते कसं यील? हे हितलं हाय." दत्तोबांना प्रश्न समजला नाही.

"मग माझी योगिनी कुठल्या सीमेत?"

खोलीत पहिल्यांदा सगळ्यांनी धनेशकडं बघितलं. तो चपलेत पाय घालत होता.

"काय बोलतेस तू? कळतंय का?" त्यानं दुसरी चप्पल शोधली. "माझी पोरगी आहे ती. बापाबद्दल बोलतेस?"

"मिनलपण तुमचीच म्हणायचात. ‘माझीच पोर’ म्हणून खांद्यावर घ्यायचात."

"वर्षाली, गप," शालनबाई कळवळून म्हणाल्या. "तुझा संसार हाय, बाय. तोंडातनं गेल्याला शबुद परत येत न्हाई. त्यो कागुद कपाटात जाऊ दे. मी तुझ्या पाया पडते."

"आई, तू मला हे आज सांगतीस?"

"मग कदी सांगू? तुला सोडून दिल्यावर? चाळीशीची पोर घरात घेऊन बसू, आन् लोकांना काय सांगू, जावई कुठं गेला म्हनून?"

शालनबाईंनी चार लेकींची लग्नं लावली नव्हती. एकच लावलं होतं, आणि ते मोडलं तर आपण आयुष्यात एकही काम धड केलं नाही, असं त्यांना खरोखर वाटत होतं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी फक्त सगळी भीती एकाच लेकराच्या वाट्याला ठेवली होती, आणि ते लेकरू चाळीस वर्षांचं होतं.

वर्षालीनं धनेशला विचारलं, "गुरुवारी तुम्ही तिला काय जेवू घालता?"

"आता हे काय?"

"सांगा ना. चार वर्षं झाली. काय आवडतं तिला?"

"मॅगी. काय असेल ते. मी निघतोय, शाळा सुटेल." तो दत्तोबांकडं वळला. "द्या तो कागद. मी घेऊन जातो. यांची डोकी ठिकाणावर नाहीत."

तो वाकला. मारुतराव सत्तरीचे होते आणि गुडघे दुखत होते, तरी त्याच्या आधी त्यांचा हात पोचला. त्यांनी कागदाची चौघडी केली आणि कोपरीच्या आतल्या खिशात सारली.

"मामा, द्या तो."

"कागुद माझ्या घरात झालाय."

"सही माझी आहे त्यावर!"

"व्हय. म्हनूनच."

"तात्या," दत्तोबा गोंधळून म्हणाले, "साक्षीदारांच्या सह्या ऱ्हायल्या."

"साक्ष दिऊ की," मारुतराव म्हणाले. "हितं न्हाई द्यायची."

दत्तोबांना मग सावकाश, टप्प्याटप्प्यानं कळत गेलं की खाली बारीक अक्षरात ‘मसुदा करणार’ म्हणून आपलंही नाव आहे. त्यांनी पेनचं टोपण लावलं. ते दोन वेळा चुकलं.

*

एक वाजून गेला होता. बाहेर इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. धनेश खिडकीकडं धावला. अंगणात त्याची गाडी होती, आणि फाटकात, दोन्ही खांबांच्या मध्ये, केव्हातरी उठून गेलेला कुलदीप जेसीबी आडवा घालत होता. पुढं, मागं, पुन्हा पुढं. मग इंजिन बंद झालं.

कुलदीप आत आला. किल्ली त्याच्या मुठीत होती.

"काढ तो," धनेश म्हणाला.

"बॅटरी उतरली, दाजी."

"आत्ता तर चालू होता!"

"उतरली." कुलदीपचे डोळे लाल होते. "धक्का मारायला माणसं न्हाईत. सुट्टी आहे ना आज."

धनेशनं फोन काढला. "मी शाळेत सांगतो. मी येईपर्यंत कुणाकडं सोडायची नाही म्हणून."

वर्षाली उभी राहिली. स्नेहलनं तिच्याकडं पाहिलं. गेल्या बारा वर्षांत या दोघी हळदीकुंकवाच्या ताटापलीकडं फारशा बोलल्या नव्हत्या. स्नेहलनं भिंतीवरच्या खिळ्यावरून स्कूटरची किल्ली घेतली.

"चला ताई. माझी गाडी जाईल बाजूनं."

"वर्षाली!" शालनबाई उठल्या. "जेवून तरी जा. पोळ्या झाल्यात." हे त्या का म्हणाल्या, त्यांनाही कळलं नाही. दुसरं काही आठवलं नव्हतं.

स्नेहल उंबऱ्यात थांबली. "आबा, मी पोलिसांना आत्ता फोन करतेय. ते येतील. हा कागद त्यांच्याच हातात द्या. दुसऱ्या कुणाच्या नाही."

मारुतरावांनी कोपरीवर हात ठेवला. जावई वरच्या खुर्चीपाशी उभा होता आणि फोनवर शाळेची लाइन लागत नव्हती. "पाहुणं," ते म्हणाले, "बसा. आता कुठं जाताय."

*

तळेगाव रोडला नेहमीपेक्षा कंटेनर कमी होते. स्नेहल गाडी चालवत होती आणि कानात हेल्मेटखाली फोन अडकवून बोलत होती. "हो, महाळुंगे. हो, आरोपी घरातच आहे. मुलगी नाही, मुलगी सुरक्षित आहे. दुसरी आहे. तिला आणायला चाललोय." वर्षाली मागं बसून मनात गुरुवार आठवत होती. गेल्या गुरुवारी संध्याकाळी योगिनी आंघोळ करून बसली होती. सकाळी केली होती तरी. त्याच्या आधीच्या गुरुवारी काय होतं? काहीच आठवत नव्हतं. पतसंस्थेत ठेवींची वर्षअखेर होती.

चाकण चौकातला सिग्नल लाल होता. छप्पन्न सेकंद, पंचावन्न, चोपन्न. स्नेहल म्हणाली, "ताई, श्वास घ्या."

"घेतेय."

"मिनलनं सांगितलं तेव्हा मी तिला पहिल्यांदा काय विचारलं माहितेय? ‘तू गच्चीवर गेलीसच कशाला?’" तिनं पुढं बघतच सांगितलं. "तुम्ही योगिनीला आज काहीच विचारू नका. विचारायला माणसं असतात त्यांची. शिकलेली."

"तिनं स्वतःच काही सांगितलं तर?"

"ऐकायचं."

सिग्नल सुटला.

शाळेच्या फाटकाशी दोघी पोचल्या तेव्हा एक पस्तीस झाले होते. निम्म्या व्हॅन निघून गेल्या होत्या. फाटकावरची बाई खाकी साडी नेसून खुर्चीवर बसली होती. मुलं तिला सरूबाई म्हणत.

"योगिनी धनेश," वर्षाली धापा टाकत म्हणाली. "चौथी ब. गेली का?"

"न्हाई वो. हाय आत." सरूबाईंनी तिच्याकडं निरखून बघितलं. "तुमी तिची आई व्हय? तुमी कदी येत न्हाई. साहेब येत्यात."

"आज मी आलेय. कुणाचा फोन आला का शाळेत?"

"फोनचं मला म्हाईत न्हाई. पर थांबा, यिल ती. तिला येळ लागतो गुरवारचा." सरूबाई मायेनं हसल्या. "बाकी दिवशी पयली पळत येती व्हॅनकडं. गुरवार आला की दप्तरच भरंना. पाण्याची बाटली इसरती, परत जाती. बाथरूमला जाती. साहेब तिकडं गाडीत हॉर्न वाजवत्यात. मी म्हनते, जा गं बाय, पप्पा थांबल्यात. तर म्हनती, मावशी, अजून पाच मिनटं."

वर्षालीनं फाटकाचा गज धरला. तो उन्हानं तापला होता. तिनं सोडला नाही.

"किती दिवस झाले, मावशी?"

"आता… पावसाळ्यापासनं असंल. मी आपली येळ लिवते वहीत, कोन कदी भाहेर पडलं ते. म्याडमनी सांगितलंय."

"सगळ्या गुरुवारची आहे?"

"समद्या दिसाची हाय की. का वो?"

"ती वही जपून ठेवा," स्नेहल म्हणाली. "तुम्हाला कुणीतरी विचारायला येईल."

"मला?" सरूबाई घाबरल्या. "मी काय केलं? मी काय बगितलं न्हाई बाई. मला यातलं कायबी म्हाईत न्हाई. मी आपली येळ लिवते."

"वेळच सांगा," वर्षाली म्हणाली. मग तिनं गज सोडला. "आणि जरा आत जाऊन तिला सांगता? की आई आलीय."

सरूबाई कुरकुरत उठल्या, व्हरांड्यातून आत गेल्या, आणि त्यांचा आवाज बाहेर ऐकू आला: "अगं योगिनी, आज तुजी आई आलीया!"

योगिनी धावतच बाहेर आली. दप्तराची चेन उघडी, एका बुटाची नाडी सुटलेली, डबा हातात. फाटकाशी येऊन ती थांबली आणि आईच्या मागं, रस्त्यावर, उजवीकडं-डावीकडं बघितलं. गाडी नव्हती. तिनं पुन्हा एकदा बघितलं.

मागून सरूबाई येत होत्या. त्यांना अजूनही हसू येत होतं.

"बगा," त्या म्हणाल्या, "आज कशी एका मिनटात आली."